झपाटलेलं नक्की कोण? ‘व्हर्टिगो’ बघताना

“अरे, खुनाचं यानं आत्ताच सांगून टाकलं की! मग आता बघायचं काय?”

मावशी मटार सोलत बसली होती. टीव्हीवर आल्फ्रेड हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ चालू होता. अजून चांगला अर्धा तास बाकी होता आणि पडद्यावरच्या बाईनं पत्र लिहायला घेऊन सगळं रहस्य आमच्या पुढ्यात ओतलं होतं. मावशीचा प्रश्न रास्त होता. कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीत मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा नेमका इथेच माझाही विरस झाला होता. शेजारी बसलेला मित्र तर चहा प्यायला उठून गेला, तो परत आलाच नाही.

या सिनेमाचं नाव मोठं आहे आणि तेच त्याला नडतं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. १९६२ पासून तिथे पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसलेल्या ‘सिटिझन केन’ला २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’नं खाली सरकवलं. २०२२ च्या कौलात तो दुसरा आला. एवढं ऐकून माणूस मोठ्या उत्साहानं सिनेमा लावतो, पहिल्या तासात पेंगतो आणि मग विचारतो, ‘एवढं काय आहे यात?’ काय आहे ते सांगायचा प्रयत्न करतो. मात्र रहस्य फोडल्याशिवाय ते सांगता येणार नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबून आधी सिनेमा पाहावा. १२८ मिनिटांचा तर आहे.

गोष्ट आधी सरळ करून घेऊ, कारण पहिल्यांदा बघताना ती डोक्यावरून जाते. शहर सॅन फ्रान्सिस्को. स्कॉटी फर्ग्युसन हा पोलिस डिटेक्टिव्ह एका चोराचा पाठलाग करताना छपरावरून घसरतो आणि पन्हळीला लोंबकळत राहतो. त्याला हात द्यायला वाकलेला शिपाई मात्र खाली कोसळून मरतो. तेव्हापासून उंचावर गेलं की स्कॉटीचे पाय लटपटतात. तो नोकरी सोडतो. अशात कॉलेजातला जुना मित्र गॅव्हिन एल्स्टर त्याला बोलावून घेतो. म्हणतो, माझी बायको मॅडलिन हल्ली भान हरपल्यासारखी वागते, कुठेतरी निघून जाते, जरा तिच्यावर नजर ठेव. तिची पणजी कार्लोटा व्हाल्डेस सव्विसाव्या वर्षी जीव देऊन मेली होती. मॅडलिनही आता सव्वीसचीच आहे. पणजीनंच तिला धरलंय की काय, अशी शंका एल्स्टर अलगद पेरून देतो.

स्कॉटी तिच्या मागे मागे फिरतो. गोल्डन गेट पुलाखाली ती पाण्यात उडी टाकते, तेव्हा तिला बाहेर काढतो आणि प्रेमात पडतो. मग एक दिवस ती एका जुन्या ख्रिस्ती मिशनच्या घंटेच्या मनोऱ्यावर धावत चढते. त्याला जिना चढवत नाही. अर्ध्यावर थिजलेल्या स्कॉटीला खिडकीतून एक देह खाली जाताना दिसतो.

तो पुरता खचतो, इस्पितळात राहून येतो. नंतर रस्त्यात त्याला ज्यूडी दिसते. कॅन्ससहून आलेली, दुकानात काम करणारी, अंमळ भडक रंगरंगोटी केलेली. पण चेहरा मॅडलिनचा. इथे ते पत्र येतं आणि आपल्याला कळतं की मॅडलिन म्हणून जी वावरत होती ती हीच. एल्स्टरनं तिला बायकोचं सोंग करायला लावलं होतं. मनोऱ्यावर तो खऱ्या बायकोचं प्रेत घेऊन आधीच थांबलेला होता आणि खाली पडलं ते प्रेत. कट सगळा एका खात्रीवर उभा होता: हा साक्षीदार शेवटच्या पायरीपर्यंत पोचणार नाही. म्हणजे स्कॉटीनं खऱ्या मॅडलिनला जिवंतपणी कधी पाहिलंच नव्हतं. ज्या बाईसाठी तो वेडा झाला ती या भूतलावर नव्हतीच.

आता मराठीचा एक फायदा. आपल्याकडे भुतानं झपाटतात आणि एखाद्या ध्यासानंही झपाटतात. क्रियापद एकच. पहिल्या भागात सगळे सांगत असतात की झपाटलेली ती आहे. ते नाटक असतं. त्या नाटकाच्या आडोशानं खरोखर झपाटला जातो तो, आणि त्याला धरणारी बाई कार्लोटाइतकीच हवेतली असते. ज्याला नजर ठेवायला नेमलं तोच नजरबंद झाला. सिनेमाचं सगळं यंत्र या अदलाबदलीवर चालतं.

नावाचंही तसंच. व्हर्टिगो म्हणजे उंचीची भीती असं पुष्कळांना वाटतं. त्या भीतीचं डॉक्टरी नाव अ‍ॅक्रोफोबिया. व्हर्टिगो म्हणजे भोवळ, सगळं गरगर फिरतंय अशी जाणीव. सिनेमात हे दोन्ही शब्द येतात. आणि भोवळ म्हटलं की मराठी माणसाला भोवरा फार लांब नाही. पाण्यातला भोवरा, खेळायचा भोवरा, डोक्यावरच्या केसांतला भोवरा. सॉल बासनं केलेल्या श्रेयनामावलीत एका बाईच्या डोळ्यातून भोवरेच भोवरे फिरत बाहेर येतात. संग्रहालयात मॅडलिन कार्लोटाच्या तैलचित्रासमोर बसते तेव्हा कॅमेरा आधी तिच्या हातालगतचा फुलांचा गुच्छ दाखवतो, मग चित्रातला तसाच गुच्छ. मग तिचा अंबाडा, मग चित्रातला अंबाडा. दोन्हींत मधोमध तोच भोवरा. आपल्या भाषेत भोवळ, भोवरा, भ्रम आणि भ्रमंती हे सगळे ‘भ्रम्’ या एका धातूच्या गोतातले शब्द. तुम्ही करता काय, असं मॅडलिन विचारते तेव्हा स्कॉटी सांगतो, काही नाही, भटकतो. हिचकॉकला संस्कृत येत नव्हतं, पण हे चारही त्यानं एका सिनेमात बसवलेत.

ज्या भागात लोक पेंगतात तो हाच भटकंतीचा भाग. ती गाडी चालवते, तो मागून गाडी चालवतो. फुलांचं दुकान, कबरस्तान, संग्रहालय, जुनं हॉटेल. बराच वेळ कोणी फारसं बोलत नाही. फक्त बर्नार्ड हरमनचं संगीत, ज्यात कार्लोटाच्या प्रसंगांना हाबानेरा नृत्याचा ठेका संथपणे वाजत राहतो. ‘काही घडतच नाहीये’ ही तक्रार इथली.

घडतंय ते आपल्या डोळ्यांना. नमुन्यादाखल सांगतो. स्कॉटीचा चेहरा दिसतो, मग तो बघतोय ते दिसतं, मग पुन्हा त्याचा चेहरा. पाच-सात मिनिटं हे चाललं की तिच्याबद्दल आपल्याला जे काही माहीत असतं ते त्याच्याच डोळ्यांतून आलेलं असतं. एल्स्टरनं त्याला जितकं दाखवायचं ठरवलंय तितकंच आपल्यालाही दिसतं. शहर उताराचं, गाड्या बहुतेक वेळा खालीच उतरताना दिसतात. आपणही कधी उतरायला लागलो ते कळत नाही.

त्याआधीचा रेस्टॉरंटमधला प्रसंग तर मी चार वेळा मागे नेऊन पाहिलाय. भिंती गडद लाल. स्कॉटी बारपाशी. कॅमेरा त्याच्यापासून निघून सगळी खोली ओलांडत पाठमोऱ्या मॅडलिनकडे सावकाश सरकतो. तिच्या काळ्या पोशाखावर हिरवीगार रेशमी शाल. जाताना ती त्याच्या अगदी जवळ क्षणभर थांबते, चेहऱ्याची एक बाजू दिसते आणि मागची लाल भिंत किंचित उजळते. त्यानं तर मान वळवलेली असते! मग ती उजळणारी भिंत पाहिली कोणी? त्यानं मनात, आणि आपण पडद्यावर. तिथून पुढे हिरवा रंग तिचा. तिची गाडी हिरवी, ज्यूडी पहिल्यांदा दिसते तो पोशाख हिरवा, ज्यूडीच्या हॉटेलच्या पाटीचा निऑन हिरवा.

जेम्स स्टुअर्टला स्कॉटीच्या भूमिकेत घेणं ही हिचकॉकची लबाडी. पडद्यावरचा सरळमार्गी, भला माणूस अशी त्याची ख्याती. त्याच्यावर प्रेक्षक आपसूक विश्वास टाकतो, आणि तो एका परक्या बाईचा दिवसेंदिवस पाठलाग करतोय हे आपल्याला खटकत नाही. चित्रीकरणावेळी तो ४९ वर्षांचा होता आणि मॅडलिन-ज्यूडी झालेली किम नोव्हाक २४ वर्षांची. हेही तेव्हा फारसं कुणाला खटकलं नसावं.

मनोऱ्याच्या जिन्यावरून खाली बघताना स्कॉटीला जी भोवळ येते, त्या प्रसिद्ध दृश्याची कृती सोपी आहे, घरी करून बघता येते. टेबलावर कप ठेवा. फोनचा कॅमेरा झूम करून दूर उभे राहा. मग कपाच्या दिशेनं चालत या आणि चालता चालता झूम कमी करत न्या, कप पडद्यावर तेवढाच राहील अशा बेतानं. कप जागचा हलत नाही, पण मागची भिंत लांब लांब पळत जाते. कॅमेरा एकीकडे सरकवायचा आणि भिंग त्याच्या उलट चालवायचं, एवढीच युक्ती. ती जमवून दिली इर्मिन रॉबर्ट्स या कॅमेरामननं. खऱ्या उंच जिन्यावर कॅमेरा वरखाली न्यायचा तर ५०,००० डॉलर खर्च येत होता. दृश्यात माणूस नाही ना, मग छोटा जिना बनवून आडवा पाडा, असं हिचकॉकनं सुचवलं आणि काम १९,००० डॉलरमध्ये झालं. ज्या सॅन व्हान बाउटिस्टा मिशनमध्ये हा मनोरा दाखवलाय तिथे तेव्हा तसा मनोराच नव्हता. तो चित्रानं आणि स्टुडिओतल्या बांधकामानं ‘उभा’ केला. सिनेमात इतकं सगळं खोटं असताना मनोरा तरी खरा कशाला हवा!

या युक्तीचं कौतुक तंत्र म्हणून होतं, पण मला ती आवडते ती वेगळ्या कारणासाठी. पाय जागेवर आणि जमीन पळतेय, जवळ जावं की दूर व्हावं ते शरीराला ठरवता येत नाही. स्कॉटीची त्या बाईबाबत अवस्था हीच आहे.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. पत्र मधेच का?

सिनेमा ज्या फ्रेंच कादंबरीवरून घेतला ती बोआलो आणि नार्सजाक या जोडीनं १९५४ मध्ये लिहिलेली. तिथे गुपित शेवटी फुटतं, रहस्यकथेच्या रीतीनं. हिचकॉकनं ते उचलून आधी आणलं. त्याचं म्हणणं त्यानं मुलाखतींतून अनेकदा मांडलंय. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसताना तो फुटला तर काही सेकंदांचा धक्का. आधीच माहीत असेल तर टेबलावरच्या फालतू गप्पाही श्वास रोखून ऐकाव्या लागतात. ज्यूडीचं पत्र हा तो बॉम्ब. तसं हिचकॉकचाही धीर एकदा सुटला होता. प्रदर्शनाच्या तोंडावर त्यानं हा प्रसंग काढून टाकला आणि स्टुडिओच्या आग्रहामुळे तो परत घातला गेला. धंदेवाल्यांचं म्हणणं कलेच्या पथ्यावर पडल्याचं असं उदाहरण विरळाच.

मला विचाराल तर बॉम्बपेक्षाही मोठी गोष्ट इथे होते. पत्रापर्यंत आपण स्कॉटीच्या डोळ्यांत होतो. पत्र लिहून ती फाडून टाकते, आणि त्या घटकेपासून जे तिला ठाऊक ते आपल्याला ठाऊक, त्याला नाही. आपण घर बदलतो. तो तिला जेवायला नेतो, फुलं घेऊन देतो. सगळं तसंच, पण आता आपण तिच्या बाजूनं बघतोय. तिला ओळखलं जायची भीती आहे आणि जशी आहे तशी ओळखली जायची आसही आहे. मघाचं जे प्रेम वाटत होतं ते आता अंगावर यायला लागतं.

कपड्यांच्या दुकानाचा प्रसंग आला. स्कॉटीला हवाय तो राखाडी कोट-स्कर्ट, मॅडलिनचा होता तसाच. सेल्सगर्ल एकेक नमुना दाखवतेय, तो नाही नाही म्हणतोय, ज्यूडी कोपऱ्यात रडकुंडीला आलीय. हे का, असं ती विचारते आणि त्याला तो प्रश्नच कळत नाही. मग बूट. मग केसांचा रंग, त्यानं तुला असा काय फरक पडतो, असं तो म्हणतो. मावशीचे हात मटारवर थांबले. म्हणाली, “मला बघायला आले होते ना पहिल्यांदा, तेव्हा चालून दाखव म्हणाले होते. मग केस सोडून दाखव.” मी काही बोललो नाही. “ते लोक निदान अर्ध्या तासात उठून गेले,” असं म्हणून तिनं पुढची शेंग उचलली.

मित्र चहाला उठून गेला होता तो हा भाग. ज्यूडीचं ‘मी जशी आहे तशी चालणार नाही का’ हे विचारणं आणि शेवटी, तू म्हणशील तसं केलं तर प्रेम करशील ना, या अटीवर तिनं स्वतःला सोडून देणं, हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं ‘व्हर्टिगो’ पाहिला नाही असं मी म्हणेन.

किम नोव्हाकला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल. तिचं मूळ नाव मॅरिलिन. त्या नावाची एक नटी आधीच होती म्हणून कोलंबिया स्टुडिओनं ते बदलायला लावलं, केस बदलले, वजनावर नजर ठेवली. आडनाव तेवढं तिनं भांडून राखलं. ज्यूडी आपल्याला आतून कळली असं ती पुढे सांगत आली. ‘व्हर्टिगो’साठीही ती पहिली निवड नव्हती. व्हेरा माइल्स ठरली होती, तिला दिवस राहिले म्हणून ही आली. एडिथ हेडनं बेतलेला तो राखाडी पोशाख आणि काळे बूट तिला आवडले नव्हते. घालावेच लागले. मॅडलिनच्या चालण्यात जो अवघडलेपणा आहे त्यात त्या पोशाखाचाही हात आहे.

केस रंगवून ज्यूडी परत येते. सगळं जमलंय, फक्त केस मोकळे आहेत. तेही त्याला चालत नाहीत. मागे घेऊन अंबाडा घालायला लावतो. तेवढा एक भोवरा राहिला होता. ती न्हाणीघरात जाते, दार उघडतं, आणि खिडकीतल्या निऑनच्या हिरव्या धुक्यातून मॅडलिन चालत येते. मेलेली बाई परत आली. हरमनचं संगीत इतका वेळ जे अर्ध्यावर तोडत होतं ते इथे पहिल्यांदा पूर्ण चढतं. तो तिला मिठीत घेतो, कॅमेरा दोघांभोवती फिरतो, आणि फिरता फिरता मागची हॉटेलची खोली जाऊन मिशनमधला घोड्यांचा तबेला येतो, जिथे त्यानं मॅडलिनला जवळ घेतलं होतं. स्कॉटी दचकून आजूबाजूला बघतो. आणि मी म्हणतो, बघ बाबा, नीट बघ, तुझ्या मिठीत कोण आहे ते! पण तो पुन्हा डोळे मिटतो.

तंत्र म्हणून नट फिरत्या चबुतऱ्यावर होते आणि मागे पडद्यावर चित्र टाकलं होतं. हे कळल्यानंतरही त्या प्रसंगाची जादू तसूभर कमी होत नाही.

पुढचं थोडक्यात. ज्यूडी चित्रातल्या कार्लोटाच्या गळ्यातला हार घालायची चूक करते, त्याला उलगडा होतो, तो तिला ओढत त्याच मनोऱ्यावर नेतो. वर चढताना त्याचा जो संताप आहे तो नीट ऐका. खून राहतो बाजूला. एल्स्टरनं तुला माझ्या आधी घडवलं आणि माझ्यापेक्षा सरस घडवलं, हे त्याला सलतंय. गिऱ्हाइकाला कळलंय की आपल्याला मिळालेला माल दुसऱ्याच्या कारखान्यातला आहे. वर अंधारातून एक नन येते, ज्यूडी घाबरून मागे सरते आणि पडते. या वेळी खरी.

मिजबद्दल माझी एक तक्रार आहे. स्कॉटीची जुनी मैत्रीण, चष्मा लावणारी, चित्रं काढणारी, सिनेमात एकटी भानावर असलेली बाई. गमतीत ती कार्लोटाच्या चित्रासारखंच चित्र काढून त्यात स्वतःचा चेहरा रंगवते आणि तो उठून चालता होतो. इस्पितळातून निघून ती एका लांब बोळातून पाठमोरी जाते ती जातेच. दुसऱ्या भागात तिचं नावही निघत नाही. हे मुद्दाम केलंय हे मला कळतं. तरी दर वेळी वाटतं, एकदा फोन तरी करायचा होता त्यानं.

१९५८ च्या मे महिन्यात सिनेमा लागला तेव्हा स्वागत कोमटच झालं. ऑस्करची दोन नामांकनं, कलादिग्दर्शन आणि ध्वनी. मिळालं एकही नाही. १९७३ पासून जवळपास दहा वर्षं तर तो बघायलाच मिळत नव्हता. हक्क हिचकॉककडे होते आणि त्यानं तो मागे घेतला होता. १९९६ मध्ये दुरुस्त केलेली प्रत आली, आज आपण बघतो ते रंग बहुतांशी तिची कृपा. म्हणून एवढंच सांगेन, फोनवर बघू नका. दिवे घालवा. आणि एकदा पाहून झाला की काही दिवसांनी पुन्हा लावा, या वेळी पहिल्या मिनिटापासून ज्यूडीवर नजर ठेवून. खाडीतून काढल्यावर स्कॉटीच्या घरी शुद्धीवर येणारी ती बाई मुळात बेशुद्ध होती का, हे तुम्हीच ठरवा.

आमचा संपला तेव्हा मटारही संपले होते. शेवटच्या दृश्यात स्कॉटी मनोऱ्याच्या कडेवर उभा आहे, हात किंचित पसरलेले, खाली बघतोय. भीती गेलेली. पडदा काळा झाला तरी मावशी काही बोलेना. मला वाटलं तिला आवडला नाही.

“ते सुरुवातीचं पुन्हा लाव,” ती म्हणाली. “तो पन्हळीला लटकला होता ना? त्याला खाली उतरवला कोणी?”

लावलं. शिपाई पडतो, स्कॉटी लोंबकळत खाली बघतो आणि दृश्य कापून थेट मिजच्या घरी. तो आरामात खुर्चीत बसलेला. आम्ही दोनदा पाहिलं.

“नाहीच दाखवलंय,” मी म्हणालो.

“मग अजून तिथेच असेल,” मावशी म्हणाली आणि टरफलं गोळा करायला लागली.